दिवसाची लाईट आणि गायरानातली बाई

(मराठवाड्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सौरऊर्जेवर बोलायचे ठरले तेव्हा आपल्यातल्याच एकीने विचारले, "हा काय बायकांचा विषय आहे का?" खरे सांगते, चार वर्षांपूर्वी मीही हेच विचारले असते. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही कौटुंबिक हिंसाचार शिकलो, बचत गट शिकलो. शेतीचा फीडर म्हणजे काय, हे कोणी शिकवले नाही. ते मला बीड जिल्ह्यातल्या एका गावातल्या बायांनी शिकवले.

शेतीपंपाला वीज आपल्याकडे पाळीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला रात्रीच जायचे. पुरुष घरी असला तर तो जातो. पण या जिल्ह्यातला पुरुष दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, आणि एखादी बाई आजारपणामुळे किंवा लेकराच्या शाळेसाठी मागे राहिली, तर मोटर चालू करायला तीच जाते. अशा एकीने मला सांगितले, "ताई, सापाचं एवढं भ्या नाही वाटत. अंधारातून बॅटरी घेऊन कोण येतंय, त्याचं वाटतं." तेव्हापासून दिवसा वीज ही माझ्या दृष्टीने बाईच्या सुरक्षिततेची मागणी आहे.

ही मागणी पुरी करणारे धोरण राज्यात आले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. कल्पना सोपी आहे. शेतीचा फीडर गावठाणाच्या फीडरपासून वेगळा करायचा, जवळच्या उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्या फीडरवर सोडायची. ऊन दिवसा असते म्हणून वीजही दिवसा. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन कंपनीला नाममात्र भाड्याने. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प येईल तिला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षे.

सरकारी धोरण म्हटले की आपण आधी निषेधाचा ठराव लिहायला घेतो. मी तो लिहिणार नाही. हे धोरण चांगले आहे, कोळशाच्या धुरापेक्षा तर नक्कीच चांगले आहे. पण ते बोलते कोणाशी? सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याशी. भाडे त्याच्या खात्यात. सौरपंपही त्यालाच, २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के हिस्सा भरला की पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. मागणारा कोण, तर जमीन आणि पाण्याचा स्रोत ज्याच्याकडे आहे तो.

आपण हे सगळे आधी बोललेलो आहोत. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात हजारो नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारनेही बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे परिपत्रक काढले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५ मध्ये देशाने दिला. तरी माझ्या फिरतीच्या गावांत मला काय दिसते? माळरानाला भाव आला की भावांना बहिणींची आठवण येते. साडी नेसवायची, जेवू घालायचे आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. जो माळ कुसळाशिवाय काही देत नव्हता, तो आता हेक्टरी सव्वा लाख देतो, हे त्या बहिणीला कोणीच सांगत नाही.

आता गायरानाचे सांगते. यात माझी चूक आहे, म्हणून सविस्तर सांगते.

मराठवाड्यातले गायरान सरकारी कागदावर गुरांच्या चराईचे असले तरी त्यावर भूमिहीन दलितांनी पिढी घालवलेली आहे. एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानाचा लढा तुम्हाला माहीत आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. काहींची झाली. पुष्कळांची अजून झालेली नाहीत.

ज्या गावाचे मी सांगते आहे, तिथे आम्ही दिवसा वीज मिळावी म्हणून सह्या गोळा केल्या. बायांनी भराभर केल्या. एका विधवा बाईने अंगठा दिला. तिच्याकडे ना विहीर ना मोटर, पण "बायांचं काम हाय" म्हणून दिला. प्रकल्प कोणत्या जागेवर होणार, हे त्या अर्जात नव्हते आणि मी विचारले नाही. काही महिन्यांनी मोजणीवाले आले ते तिच्या तुरीत. गावाच्या नकाशावर ती जागा रिकामी गायरान होती. तो अर्ज गावाची संमती म्हणून दाखवला गेला, त्यात तिचा अंगठा. ती मला म्हणाली, "रिकामं म्हणतेत ताई. मग माझी तूर काय वाऱ्यानं उगवली?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढेच सांगते.

अशा वेळी कायदा फारसा हाताला लागत नाही. जमीन संपादित होत नाही, भाड्याने दिली जाते, म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास होत नाही. २००६ च्या पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेत सौर आणि पवन प्रकल्प नाहीत. कोणाचे काय जाणार, हे विचारायची जागाच राहत नाही. आणि जिथे पैसा येतो तिथे दांडगाई येते. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून तो झाला, असे आरोपपत्र सांगते. प्रकरण न्यायालयात आहे. अशा जिल्ह्यात एकट्या बाईने मोजणीवाल्याला अडवणे म्हणजे काय, याची कल्पना करा.

मग आम्ही काय केले? पेट्या उघडल्या. गायरानावरच्या बायांकडे काय सापडते ते पाहिले. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या, एखादी नोटीस. दंडाची पावती म्हणजे गुन्ह्याचा कागद, असे त्यांना वाटते. मी सांगते, तोच तुमचा कागद आहे. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो, त्यात अतिक्रमणाची नोंद असते. त्याची नक्कल मागा. तोंडी मागू नका, अर्ज करून पोच घ्या. या बाईच्या सासूचे नाव १-ई मध्ये सापडले, दंडाच्या दोन पावत्याही सापडल्या.

दुसरे, महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यात आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरवरच होते. आम्ही ती खरी भरवली. त्यात वाद झाला, आणि तो पुरुषांशी नव्हता. ज्यांच्या घरी विहीर आहे त्या बाया म्हणाल्या, "तिच्यापायी आमची दिवसाची लाईट घालवता का?" त्यांचेही खरे होते. रात्रीच्या दारांवर जाणाऱ्या त्याच. शेवटी ठराव असा झाला की प्रकल्प हवा, पण कसलेली जमीन सोडून उरलेल्या खडकाळ भागावर. आणि पंचायतीला मिळणाऱ्या पैशांचा खर्च महिला सभेत मांडायचा. सगळ्या खूश नव्हत्या. दोघी उठून गेल्या, त्यांतली एक अजून माझ्याशी बोलत नाही.

तहसीलमध्ये एक सुनावणी झाली. साहेबांनी विचारले, सासू मेली, तुमच्या नावाचे काय? वारसाचा कागद आणा. पुढची तारीख मिळाली आहे. मोजणीच्या खुणा अजून रानातच आहेत. मृगाचा पाऊस झाल्यावर तिने मला फोन करून विचारले, यंदा पेरू का नको? मी पेर म्हटले. तिने खुणा मध्ये ठेवून भोवतीने तूर पेरली आहे.