घरची सौर वीज आणि लिथियमची बॅटरी



छपरावर सौर पॅनेल आले, दिवसा वीज झाली. पण दिवा लागतो तो रात्री. म्हणून दिवसाची वीज साठवायला बॅटरी हवी. आजवर आपण शिशाची वापरत होतो. आता लिथियमची आली आहे. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती मोठी देऊ?" त्याचे उत्तर दुकानदाराकडून घ्यायचे नाही. ते घरून घेऊन जायचे.

पाटी घ्या. ९ वॅटचे चार दिवे पाच तास लागतात. ९ गुणिले ४ गुणिले ५, झाले १८०. एक पंखा ७५ वॅटचा, आठ तास, म्हणजे ६००. दोन मोबाईलचे ३० धरा. बेरीज ८१०. वाटेत इन्व्हर्टर थोडी वीज खातो, म्हणून ९०० धरू. एक हजार झाले की एक युनिट. म्हणजे आपल्याला रात्रीला एक युनिटही लागत नाही.

आता बॅटरीवरचे आकडे वाचा. १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवर असे लिहिले असेल, तर दोहोंचा गुणाकार करा. १२८० आले. त्यातला पाचवा भाग शिल्लक ठेवला, तरी हजारावर उरतात. आपले काम भागले. शिशाची १५० ची बॅटरी मोठी दिसते. पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे १२ गुणिले १५०, त्याचे निम्मे, अवघे ९००. शिवाय ती उचलायला दोन माणसे लागतात. लिथियमची दहा-बारा किलोची असते.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. हल्ली ३५ वॅटचा बीएलडीसी पंखा मिळतो. तो घेतला तर वरच्या हिशेबातले ३२० वाचतात. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदला.

लिथियममध्येही प्रकार आहेत. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची मागा. बिलावर तसे लिहून घ्या. ती उष्णता जास्त सोसते, सहसा पेट घेत नाही. जुन्या गाड्यांचे सेल जोडून बनवलेली स्वस्त बॅटरी घरात आणू नका.

आता खरी मेख. शेजारच्या वाडीतल्या एका बाईंनी दुधाचे पैसे साठवून लिथियमची बॅटरी आणली. मुलगी दहावीला होती. बसवणाऱ्याने ती जुन्या इन्व्हर्टरला जोडली आणि तो गेला. इन्व्हर्टरला वाटे, बॅटरी शिशाचीच आहे. तो मधूनमधून पंधरा व्होल्टच्या वर दाब चढवी. शिशाला ते चालते, लिथियमला सोसत नाही. बॅटरीच्या आत बीएमएस नावाचा राखणदार असतो. तो लगेच भरणे बंद करी. इन्व्हर्टर शिटी वाजवून गप्प! बाईंना वाटले, पैसे बुडाले. पुढे दुसऱ्या जाणत्या कारागिराने सेटिंग बदलले, तेव्हा दिवे लागले. बॅटरी चांगलीच होती.

तेव्हा कारागिराला जाऊ देऊ नका. आधी विचारा, "इन्व्हर्टरमध्ये लिथियमचे सेटिंग आहे का?" नसेल तर ती बॅटरी त्याला जोडू नये. असेल तर १२.८ व्होल्टच्या बॅटरीला भरण्याचा दाब १४.२ ते १४.४ व्होल्ट ठेवतात. 'इक्वलायझेशन' बंद. खाली उतरताना १२ व्होल्टच्या आसपास तोडायचे. बॅटरीच्या कागदावर वेगळा आकडा छापला असेल, तर तोच खरा धरावा. बॅटरीजवळच्या तारेवर फ्यूज हवाच. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये.

विहिरीचा पंप या बॅटरीवर लावू नका बरं का. मोटर सुरू होताना कितीतरी पट वीज ओढते, आणि राखणदार पुन्हा दार लावतो.

पॅनेलचे काय? ऊन चांगले असले, तर ३३० वॅटचे एक पॅनेल दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास देते. पावसाळ्यात कमी. तेव्हा आभाळ भरून आले की पंखा कमी वेळ लावावा.

बॅटरी चुलीपासून लांब, सावलीत, हवा खेळेल अशी ठेवा. तिच्यावर पत्र्याचा डबा झाकू नका. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे का, ते दुकानातच वाचून पाहा.