परगावच्या विद्यार्थ्याचे पुण्यातील बिऱ्हाड

पुण्यात शिकायला येणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्याला प्रवेश आणि निवारा या दोन गोष्टी सहसा एकाच दिवशी मिळत नाहीत, आणि त्याच्या बिऱ्हाडाच्या बहुतेक अडचणी या मधल्या अंतरातून निघतात. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने, म्हणजे राज्याने एकत्र गुणवत्तायादी लावून आणि एकामागून एक फेऱ्या घेऊन, दिले जातात. वसतिगृहाची यादी बहुधा त्यानंतर लागते, आणि तास कधीकधी तिच्या आधीच सुरू होतात. वडिलांनी दोन दिवसांची रजा काढलेली, परतीची एसटी रात्रीची आणि एजंटाने दाखवलेली ती तिसरी खोली, अशा स्थितीत अकरा महिन्यांचा निर्णय अर्ध्या तासात उरकला जातो. म्हणून पहिला सल्ला असा की, शक्य असेल तेथे पहिला महिना तात्पुरत्या जागेत काढावा, महाविद्यालय, बसमार्ग आणि सोबतचे विद्यार्थी नीट कळू द्यावेत आणि मगच मोठी अनामत रक्कम गुंतवावी.

अशा तात्पुरत्या मुक्कामासाठी पुण्यात ‘कॉट बेसिस’ नावाची जुनी सोय आहे. तीत विद्यार्थी खोली भाड्याने घेत नाही, तर खोलीतील एक खाट महिन्याच्या बोलीवर घेतो. सदाशिव आणि नारायण पेठेत, जेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, तेथे तिच्या पाट्या अगदी विजेच्या खांबांवरही चिकटवलेल्या दिसतात. एक लोखंडी खाट, पातळ गादी, कुलूप लागेल असे कपाट आणि भिंतीतील एखादे प्लगचे भोक, एवढाच तिचा संसार असतो. अशी खोली पाहताना भाड्याइतकेच महत्त्वाचे प्रश्न म्हणजे एका संडास-न्हाणीमागे किती जण आहेत, प्लग आपल्या खाटेजवळ आहे की शेजाऱ्याच्या उशाशी, आणि पावसाळ्यात ओला टॉवेल नेमका कोठे वाळत घालायचा. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात खरे, परंतु सकाळी सात वाजता न्हाणीसमोर उभ्या असलेल्या सहा जणांच्या रांगेमुळे पहिला तास जितका बुडतो, तितका तो अभ्यासाच्या कंटाळ्याने बुडत नाही.

तात्पुरती सोय करीत असतानाच वसतिगृहाचा अर्ज चालू ठेवावा. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत, म्हणजे आठवड्यातील एकेका वारी ठरलेल्या घरी जेवायला जात असत. त्या परावलंबनाऐवजी विद्यार्थ्याला हक्काचे छप्पर मिळावे, या विचारातून महाराष्ट्रातील वसतिगृहांची परंपरा वाढली. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू लागली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले, आणि पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी सहाय्यक समितीची स्थापना केली. महाविद्यालयाचे वसतिगृह मिळाले नाही की थेट एजंट गाठायचा, असा जो समज रूढ झाला आहे तो या संस्थांची माहिती नसल्यामुळे. त्यांच्या प्रवेशाच्या मुदती मात्र वेगवेगळ्या असतात आणि मुलाखतही घेतली जाते, त्यामुळे चौकशी महाविद्यालयाच्या निकालाची वाट न पाहता करावी लागते.

सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांच्या शासकीय वसतिगृहांत राहणे व जेवण विनामूल्य असते, परंतु अर्जांच्या मानाने जागा अपुऱ्या पडतात. अशा वसतिगृहासाठी पात्र असूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये अशी तिची रक्कम ठरली होती. ही रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टप्प्याटप्प्याने जमा होते, आणि पहिला टप्पा येईपर्यंत घरमालक थांबत नाही, हे गृहीत धरूनच पहिल्या काही महिन्यांची तजवीज करावी लागते.

स्वतंत्र खोली किंवा सदनिका घ्यायची झाल्यास पाहणीचा ऋतू लक्षात घ्यावा. प्रवेश पावसाळ्यात होतात, ही त्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे, कारण खिडकीखालची ओल, कपाटामागचा कुबट वास आणि छताच्या कोपऱ्यातील पिवळा डाग हे सारे जुलै-ऑगस्टमध्ये लपत नाही. पाण्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नद्या दुथडी वाहत असताना नळाला भरपूर पाणी असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच इमारतीत दिवसाला किती वेळ पाणी येते, टँकर मागवावा लागतो का आणि त्याचा खर्च देखभालीच्या रकमेत धरला आहे की वेगळा वसूल होतो, हे पावसाळ्यातील पाहणीत कधीच कळत नाही. ते घरमालकाला विचारण्यापेक्षा जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारलेले बरे. अंतराचाही हिशेब किलोमीटरमध्ये न मांडता सकाळी साडेनऊच्या वाहतुकीत लागणाऱ्या मिनिटांमध्ये मांडावा, आणि तो नकाशावर पाहून नव्हे तर एकदा प्रत्यक्ष बसने जाऊन मांडावा. गणेशखिंडीतील विद्यापीठाचे आवार ४०० एकरांहून मोठे आहे, आणि प्रवेशद्वारापासून विभागापर्यंतची पायपीट नवखा विद्यार्थी हमखास विसरतो.

करार हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करणे इष्ट ठरते. ज्याला बोलीभाषेत ‘अकरा महिन्यांचा करार’ किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात, तो कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टा नसून परवाना आहे. भाडेपट्ट्यात मिळकतीतील काही हक्क भाडेकरूकडे जातो. परवान्यात, १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार, जागा ठराविक काळ वापरण्याची केवळ परवानगी मिळते, आणि मुदत संपल्यावर जागा रिकामी करावीच लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि त्याने ती टाळल्यास शिक्षेची तरतूदही आहे. याहून महत्त्वाची बाब अशी की, करार नोंदवलेला नसेल तर जागा ज्या अटींवर दिली गेली त्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘आपण साध्या स्टँपपेपरवर करू, नोंदणीला उगाच खर्च येतो’ असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा हा खर्च किती, हे माहीत असावे. महिना १२,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये परत मिळणारी अनामत आणि अकरा महिने मुदत असे उदाहरण घेतले, तर अकरा महिन्यांचे भाडे आणि अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क पडते, आणि ते साडेतीनशे रुपयांच्या आत-बाहेर भरते. शहरी भागातील नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. तिघा-चौघांत वाटली तर ही रक्कम महिन्याभराच्या चहापाण्याहून कमी आहे.

करारात राहणाऱ्या सर्वांची नावे असावीत. एकाचेच नाव घातले तर उरलेले जण परीक्षेच्या आधी निघून गेल्यावर भाड्याचा सारा बोजा त्या एकावर येतो. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्याला कायद्याने करार करता येत नाही, त्याच्यासाठी पालकाने सही करावी. ‘लॉक-इन’ म्हणजे ज्या काळात जागा सोडल्यास उरलेले भाडे भरावे लागते तो काळ. हा शब्द करारात बारीक अक्षरांत दडलेला असतो आणि वसतिगृहाच्या दुसऱ्या यादीत नाव लागलेल्या विद्यार्थ्याला तोच नडतो. अनामतीतून रंगकामाचे पैसे कापले जाणार का, कापले तर किती, हेही आधीच लिहून घ्यावे. किल्ली हातात पडल्याच्या दिवशी वीजमीटरचा आकडा, गीझर, पंखे, फुटलेली फरशी आणि दाराची कडी यांची छायाचित्रे काढून ती घरमालकाला त्याच संध्याकाळी पाठवून ठेवली, तर वर्षाअखेरचे भांडण जवळजवळ मिटल्यात जमा असते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचे कामही या वेळी उरकावे. त्यात संशयाचा भाग नाही, तो नेहमीचाच सोपस्कार आहे.

जागा ठरली की रूम पार्टनर आणि मेस यांच्याशी जुळवून घेण्याचे काम सुरू होते, आणि अनुभवाअंती असे दिसते की विद्यार्थी खोली सोडतात ती खोलीपेक्षा या दोहोंमुळे. एकाच गावचे, एकाच वर्गातले मित्र उत्तम सोबती ठरतीलच असे नाही. झोपेच्या वेळा, फोनवर बोलण्याची सवय आणि पाहुणे आणण्याची रीत ज्यांची जुळते ते अनोळखी असले तरी निभते. मेस, म्हणजे महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण देणारी खानावळ, लावताना ‘खाड्यां’चा नियम विचारावा. खाडा म्हणजे न जेवलेला दिवस; अनेक ठिकाणी तो सलग काही दिवसांचा असेल आणि आधी कळवला असेल तरच बिलातून वजा होतो. रविवारी दुपारी गोडाधोडाचे जेवण आणि संध्याकाळी मेस बंद हा पुण्याचा जवळजवळ अलिखित कायदा आहे, तेव्हा रविवारच्या रात्रीची सोय ज्याची त्याने करायची. जळगाव-धुळ्याकडच्या झणझणीत चवीला सरावलेल्या मुलाला येथील आमटी गुळचट लागते, आणि तक्रार करून ती बदलत नाही. घरून आलेला ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी खोलीत असली की प्रश्न सुटतो.

विद्यापीठीय जीवनात रुळण्याचा खरा कसोटीचा काळ पहिले दोन महिने हा असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील व्याख्याने सुरुवातीला वेगवान वाटतात. विषय समजत नाही आणि भाषा समजत नाही या दोन वेगळ्या अडचणी आहेत, परंतु तो त्यांना एकच समजून स्वतःला कमी लेखू लागतो. व्याख्यानाच्या आदल्या रात्री तो घटक मराठी विश्वकोशातून किंवा मराठी पाठ्यपुस्तकातून वाचून गेल्यास दुसऱ्या दिवशी केवळ शब्द नवे राहतात, कल्पना ओळखीची असते. अभ्यासाला बसण्याची जागा खोलीपासून वेगळी असणे हितावह आहे: विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे, महाविद्यालयांची वाचनालये आहेत, आणि पेठांमध्ये मासिक शुल्क घेणाऱ्या अभ्यासिका आहेत. ज्याला खर्च भागत नाही त्याने विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी विद्यार्थी विकास मंडळाकडे करावी, कारण तीत आवारातच काम मिळते आणि तासांना मर्यादा असते.

भाद्रपदात गणपतीसाठी घरी गेलेला मुलगा परत येतो तेव्हा घराची ओढ सर्वाधिक असते. पेठेत राहणाऱ्याला त्याआधी कित्येक आठवडे ढोल-ताशांचा सराव ऐकून झोप उडालेली असते ती वेगळीच. दर शनिवारी गावी जाणे हा या ओढीवरचा उपाय मानला जातो, पण त्याने विद्यार्थी धड येथलाही होत नाही आणि तेथलाही राहत नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा जावे आणि मधल्या रविवारी वर्गातील कोणासोबत तरी जेवावे, हे अधिक उपयोगी पडते. झोप उडणे, जेवण सुटणे, तास चुकवत राहणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर महाविद्यालयाच्या समुपदेशकाला भेटावे, किंवा टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. रॅगिंगच्या बाबतीत वाट पाहूच नये. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा शिक्षणसंस्थेच्या आतील आणि बाहेरील अशा दोन्ही ठिकाणच्या रॅगिंगला लागू आहे, म्हणजे भाड्याच्या सदनिकेत वरच्या वर्गातील मुलांनी केलेला छळही त्यातून सुटत नाही. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे.

पुढच्या वर्षाच्या जागेचा विचार मार्चमध्येच सुरू करावा लागतो, पाणी कमी होऊ लागलेले असते तेव्हाच. चांगल्या खोल्या मे महिन्यात रिकाम्या होतात, परंतु त्यांची पाटी सहसा लागत नाही. पदवी घेऊन निघणारा विद्यार्थी आपल्या खालच्या वर्गातील कोणाला तरी त्या सांगून जातो, गादी आणि मेसचा पत्ता यांसकट. राहती जागा सोडायची असेल तर करारात लिहिलेल्या मुदतीची सूचना लेखी द्यावी, शेवटचे वीजबिल भरल्याची पावती जवळ ठेवावी आणि अनामत खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यावी.