बर्फाचे मैदान कोणाच्या मालकीचे?



हॉकी म्हटले की मराठी श्रोत्याच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद उभे राहतात आणि ९१ मीटर लांब, ५५ मीटर रुंद असे हिरवे मैदान. कॅनडातील माणसाला तोच शब्द ऐकताच बर्फ दिसतो. त्याचे मैदान आपल्या मैदानाच्या एकतृतीयांशाहूनही लहान, चहूबाजूंनी फळ्यांनी बंदिस्त.

३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल येथील व्हिक्टोरिया रिंकमध्ये या खेळाचा छपराखालचा पहिला संघटित सामना झाला. प्रेक्षकांना इजा होऊ नये म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती घेतली गेली. ती इमारत हॉकीसाठी बांधलेली नव्हती. शहरातील सुखवस्तू मंडळींच्या स्केटिंगसाठी ती उभारलेली होती. तेथील बर्फ सुमारे २०४ फूट लांब व ८० फूट रुंद होता. उत्तर अमेरिकेत आज रूढ असलेले माप २०० फूट बाय ८५ फूट आहे, म्हणजे त्या विहारगृहाच्या जवळपास तेवढेच! युरोपात मात्र ६० मीटर बाय ३० मीटर हे माप रुळले. रुंदीतला फरक अवघा चार मीटरचा. परंतु त्याने खेळाची प्रकृती पालटते. रुंद बर्फावर गती आणि चकतीची देवाणघेवाण यांना वाव मिळतो, अरुंद बर्फावर अंगाला अंग भिडते. मग अमेरिकेत मैदान रुंद का केले जात नाही? कारण त्या चार मीटरांच्या जागी सर्वांत महाग तिकिटांच्या खुर्च्या असतात. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्येही फेरबांधणीचा खर्च वाचावा म्हणून अमेरिकी मापच स्वीकारले गेले.

धंदेवाईक हॉकीची पहिली उघड संघटना १९०४ साली निघाली, आणि तिचा आधार होता मिशिगनमधील हाउटन हे तांब्याच्या खाणींचे गाव. पुढे कॅनडातील रेनफ्र्यू या लहानशा गावाच्या संघामागे चांदीच्या खाणींचा पैसा उभा राहिला. १९१० च्या हंगामात तेथे ‘सायक्लोन’ टेलर या खेळाडूला डझनभर सामन्यांसाठी ५,२५० डॉलर मिळाले. मालक या स्पर्धेने हादरले. पुढच्याच हंगामात त्यांनी अख्ख्या संघाच्या वेतनावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. आर्ट रॉस व इतर खेळाडूंनी स्वतःची लीग काढण्याचा विचार केला, पण खेळायचे कोठे? योग्य अशी बर्फगृहे मालकांशी करारबद्ध होती. कौशल्य खेळाडूंचे, बर्फ मालकांचा. गिरणी कामगाराला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९१७ साली नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. १९२४-२५ च्या हंगामात सामने २४ वरून ३० झाले, वेतन मात्र वाढले नाही. गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या हॅमिल्टनच्या खेळाडूंनी जादा श्रमाचे प्रत्येकी २०० डॉलर मागितले आणि ते मिळेपर्यंत अंतिम सामने खेळण्यास नकार दिला. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी त्यांना निलंबित केले, दंडही ठोठावला, आणि हे खेळाडू ७५,००० डॉलरना न्यूयॉर्कच्या एका नव्या संघाला विकले गेले. त्या संघाचा धनी बिल ड्वायर हा चोरट्या दारूचा व्यापारी होता. हॅमिल्टनला त्या लीगमध्ये संघ पुन्हा मिळाला नाही.

१९५७ मध्ये टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना बांधताच डेट्रॉइटने त्याला शिकागोकडे धाडले. टिकाऊ संघटना उभी राहिली ती १९६७ साली, जेव्हा लीग सहा संघांवरून बारा संघांवर गेली. दुर्दैव असे की तिचे पहिले कार्यकारी प्रमुख ॲलन ईगलसन यांनीच पुढे १९९८ मध्ये न्यायालयात फसवणुकीची कबुली दिली. संघटना नेत्याहून मोठी होती म्हणूनच तगली.

२००४ साली मालकांनी वेतनमर्यादेसाठी टाळेबंदी पुकारली. तीस संघांचे १,२३० सामने, म्हणजे संपूर्ण हंगाम, रद्द झाला. मर्यादा अखेर खेळाडूंना मान्य करावी लागली. त्या हिवाळ्यात शेकडो खेळाडू युरोपात गेले आणि तेथील चार मीटर अधिक रुंद बर्फावर खेळले.