अंथरुणाशेजारचें माणूस

चर्चगेटपासून विरार सुमारें ६० किलोमीटर. १९३६ मध्यें बोरिवली ते विरार हा लोहमार्ग विजेवर चालूं लागला आणि वसईकडच्या संसाराला गाडीचें वेळापत्रक लागू झालें. पहांटेच्या अंधारांत मुलगा निघतो, मागोमाग सून. दिवेलागणीनंतर दोघें परततात. मधले बारा तास घरांत जी म्हातारी असते, तिच्याविषयीं वेळापत्रक कांहीं सांगत नाहीं.

तिला मोठा रोग असेलच असें नाहीं. औषधें आहेत, डॉक्टर ठरलेला आहे. अडतें तें न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. उठवणें, अंग पुसणें, मऊ भात भरवणें या कामांना वैद्यक म्हणत नाहींत. तरी त्यांत चुकलें कीं रुग्णालय गांठावें लागतें. आडव्या माणसाला पाणी पाजलें तर तें श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलली नाहीं तर माकडहाडाशीं जखम होते. काखेंत हात घालून ओढलें तर अर्धांगाच्या बाजूचा खांदा दुखावतो. सर्वांत अवघड विद्या मात्र हात आवरण्याची. जिला आपला घांस आपण उचलतां येतो तिला भरवूं नये, मग जेवणाला तास लागो. घाईच्या घरांना हें शहाणपण सहसा रुचत नाहीं.

पूर्वीं पापडी-निर्मळपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांतून हें काम घरांतल्या चार माणसांत वांटलें जाई असें सांगतात. त्यांतला मोठा वांटा सुनेच्या पाठीवर पडे, हें विसरूनच त्या काळाचें गुणगान होतें. आज तिच्या जागीं पगारी बाई आली. कुठें बारा तासांची, कुठें चोवीस तासांची.

चोवीस तासांची बाई! रात्रींतून चार वेळां उठणारी ही बाई निजते केव्हां, हें पगार ठरवतांना क्वचितच कोणी विचारतें. झोंप न झालेल्या हातांतून माणूस निसटतें; म्हातारीचें हाड मोडतें तें अशाच पहांटे.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलांवर जबाबदारी टाकतो. निर्वाहाच्या व्याख्येंत अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार हीं नांवें आहेत. हात धरून नेणाऱ्या माणसाचें नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यांत, फार आधार लागणाऱ्यांसाठीं, काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आला. महाराष्ट्रानें २००८ मध्यें घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. पण बाईच्या झोंपेचे तास अजून घरोघरच ठरतात, किंवा ठरत नाहींत.

जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखालीं गेले आणि गाड्या थांबल्या. अशा दिवशीं मुलगा दादरला अडकतो, रात्रपाळीची बाई पोंचत नाहीं, आणि सकाळीं आलेलीला निघतां येत नाहीं. तिचींही मुलें पाण्यापलीकडच्या चाळींत वाट पाहत असतात. ती राहते. या जादा रात्रीचे किती पैसे, मध्यें किती तास झोंप, आणि तेवढा वेळ शेजारच्या कोणत्या घरचें माणूस येऊन बसेल, हें बाई ठेवतांनाच, पावसाळ्याआधीं, कागदावर लिहून घ्यावें.