मक्यातील तण आणि औषधाची फवारणी
(संस्थेच्या महोत्सवात दिलेले व्याख्यान)



मंगल प्रसंगी तणाविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांची थोडीबहुत जमीन बोडेली, छोटा उदेपूर ह्या मक्याच्या मुलखात आहे. २०१३ साली तो जिल्हा वडोदऱ्यापासून निराळा झाला, तरी शेतीचे नाते तुटलेले नाही. पावसाळ्यात खुरपणीला माणूस मिळत नाही, म्हणून औषधाच्या पुडीकडे हात जातो. तो हात कसा जावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

पेरणीपासून पहिले सहा आठवडे तणाचा उपद्रव सर्वांत अधिक. पुढे मका उंच होऊन सावली धरतो आणि तण दबते. ह्या अवधीसाठी अ‍ॅट्राझीन वापरतात. पन्नास टक्क्यांची भुकटी हलक्या जमिनीत एकरी ४०० ग्रॅम, तर भारी काळ्या जमिनीत ८०० ग्रॅमपर्यंत, सुमारे २०० लिटर पाण्यातून, पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत ओल्या जमिनीवर फवारावी. मका हे औषध आपल्या अंगी जिरवून निरुपद्रवी करतो. बहुतेक तणांना ते साधत नाही. लव्हाळा, ज्याला इकडे चीढो म्हणतात, आणि हराळी मात्र त्याला दाद देत नाहीत. त्यांच्या गाठी व मुळ्या खणूनच काढाव्या लागतात.

आता आमचीच चूक सांगतो. आमच्या मक्यात तूर आणि उडीद होते. दुकानात आम्ही ‘मक्याचे औषध द्या’ एवढेच म्हटले. त्यात आणखी काय पेरले आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. मका डौलाने वाढला. उडीद मात्र उगवून पिवळा पडला आणि करपला, तूरही विरळ झाली. आम्ही शहरात राहणारे, डाळ विकत आणली. पण जे कुटुंब भागाने ती जमीन कसते, त्याची वर्षाची डाळ आमच्या एका वाक्यापायी गेली. तिची भरपाई आम्ही केली, तरी ती लाज अजून मनात आहे.

म्हणून मक्यात कडधान्य असेल तर अ‍ॅट्राझीन नको. तेथे पेंडिमेथॅलीन चालते, तेही उगवणीपूर्वी. नाहीतर कोळपे बरे. ग्लायफोसेट उभ्या मक्यावर पडले तर मकाच मरतो. ते सोसणाऱ्या जनुकीय मक्याच्या लागवडीस आपल्या देशात परवानगी नाही.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅट्राझीन जमिनीत कित्येक महिने राहते आणि पाण्याबरोबर खाली झिरपते. भूजलाच्या काळजीने युरोपीय संघाने २००४ साली त्याची मान्यता नाकारली. तेव्हा विहिरीजवळ फवारू नये, वर्षानुवर्षे तेच वापरू नये, आणि महिन्याभराने एक कोळपणी अवश्य द्यावी. मापाला घरातील भांडे घेऊ नये. फवारणाऱ्यास हातमोजे आणि तोंडाला फडके मालकाने स्वतः द्यावे.

गोध्र्यास मक्याचे आणि आपल्या वडोदऱ्यात मॉडेल फार्मवर कडधान्याचे संशोधन केंद्र आहे. पुडी फोडण्यापूर्वी तेथे एकवार विचारावे. आणि त्याहीपूर्वी, जो जमीन कसतो त्याला विचारावे. शेतात काय पेरले आहे, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक?