बंद पडलेली गाडी आणि निर्णयाची किंमत

प्रवासी गाडी दोन स्थानकांच्या दरम्यान बंद पडते, तेव्हा प्रश्न प्रथमदर्शनी तांत्रिक वाटतो. तथापि, दुरुस्तीचा प्रयत्न किती वेळ करावा आणि मदतीचे इंजिन केव्हा मागवावे, हा प्रश्न मूलतः अर्थशास्त्राचा आहे.

1 ऑक्टोबर 2002 पासून कार्यरत असलेल्या उत्तर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय जयपूर येथे आहे. मुंबईहून जयपूरला जाणाऱ्या अनेक गाड्या अखेरीस सवाई माधोपूर-जयपूर या सुमारे 131 किलोमीटरच्या मार्गावरून धावतात. फेब्रुवारी 2024 मध्ये दुहेरीकरणास मंजुरी मिळाली, तेव्हा हा मार्ग एकेरी होता. रुळाच्या एका ठरावीक टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम. साहजिकच एकेरी मार्गावर एक गाडी अडली की दोन्ही दिशांची वाहतूक थांबते. बिघाड एका गाडीचा, विलंब मात्र अनेकांचा. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात.

चालकाला वाटते, आणखी दहा मिनिटांत इंजिन सुरू होईल. दहा मिनिटांनंतरही तेच वाटते. गेलेला अर्धा तास हा बुडीत खर्च होय. पुढील निर्णयात त्याला स्थान नसावे. दुसरीकडे, मदतीचे इंजिन फुकट मिळत नाही. जवळच्या मालगाडीचे इंजिन काढले, तर ती मालगाडी उभी राहते. हा झाला संधी खर्च. म्हणूनच प्रयत्नांची मुदत आधी ठरलेली असावी लागते. मदत मागितल्यावर इंजिन सुरू झाले, तरी चालकाला स्वतःच्या मर्जीने गाडी हलवता येत नाही, कारण समोरून मदतीचे इंजिन येत असू शकते. गाडीच्या संरक्षणार्थ ब्रॉडगेज रुळावर 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन धोक्याचे फटाके ठेवण्याचा दंडकही याच विचाराचा आहे.

डब्यातील प्रवाशांना मात्र यातले काहीच कळत नाही. 22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेस साखळी ओढून थांबवली गेली. रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्सप्रेसची धडक बसली आणि किमान 12 जणांचा मृत्यू झाला. ती गाडी बिघडलेली नव्हती. पण उभ्या गाडीत विश्वासार्ह माहिती वेळेवर पोहोचणे किती मोलाचे असते, हे तेथे दिसले. घोषणेचा खर्च नगण्य असतो. तरीही ती होत नाही, हे अनाकलनीय आहे.

विलंबाची किंमत कोणी द्यावी? अजमेर-जम्मू एक्सप्रेस सुमारे चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. हे प्रकरण उत्तर पश्चिम रेल्वेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. 6 सप्टेंबर 2021 च्या निकालात न्यायालयाने भरपाई कायम ठेवली. विलंब आपल्या नियंत्रणाबाहेरील कारणाने झाला, हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुराव्याचा भार असा रेल्वेवर आला, की बिघाडाची वेळ, कारण आणि केलेली कारवाई यांची नोंद ठेवणे तिच्याच हिताचे ठरते.

ब्रिटनमध्ये तीन मिनिटे व त्याहून अधिक विलंबाची जबाबदारी कोणत्या ना कोणत्या संस्थेवर निश्चित केली जाते आणि त्यानुसार कंपन्यांमध्ये पैशांची देवघेव होते. तेथे जबाबदारीवरून वादही पुष्कळ होतात. भारतात ऑक्टोबर 2019 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली-लखनौ तेजस एक्सप्रेसमध्ये एका तासाहून अधिक विलंबास 100 रुपये, तर दोन तासांहून अधिक विलंबास 250 रुपये भरपाई होती. ती फेब्रुवारी 2024 मध्ये बंद झाली. सर्वसाधारण गाड्यांसाठी, गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास प्रवास न करणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत मिळतात. आधीच गाडीत बसून आडरानात अडकलेल्याला या तरतुदीचा उपयोग नाही.