परीक्षा आणि अस्सल कागद

(हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, एवढे तुम्हांस पाठ आहे. खरे गुण पुढच्या प्रश्नास असतात: हे कशावरून? त्यासाठी मूळ कागद वाचावा लागतो.

४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव पाहा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, अशी ती शिफारस आहे. तळे प्रत्यक्ष खुले झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ चा निकाल घ्या. तो आपल्या बाजूने लागला म्हणून आनंदाने मिटून ठेवू नका. कोर्टापुढे प्रश्न कोणता होता? अस्पृश्यता न्याय्य की अन्याय्य, हा नव्हे. बहिष्काराची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे सवर्ण फिर्यादींना शाबीत करता आले नाही, म्हणून ते हरले. हा भेद उत्तरात लिहा. कागद वाचला आहे, हे परीक्षक ओळखतील.

हिंगोली मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होती. मुंबईचा ठराव येथे लागू नव्हता. आपल्या गावचा पाणवठा केव्हा खुला झाला, हे महाडच्या कागदांत सापडावयाचे नाही. घरी आजी-आजोबा असतील तर आज रात्रीच विचारा. त्यांचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून वहीत उतरवा. आणि ते स्वतः पाहिलेले सांगतात की ऐकलेले, हेही शेजारी लिहा.